टाकणे आणि देणे

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघर माळे उतरवले जातात. आमच्या घरीही हा सोहळा दरवर्षी होतो. मी शिडीवर, पत्नी खाली, आणि मुलगा मध्ये उभा राहून वस्तू झेलतो, अशी आमची ठरलेली रचना असते. गेल्या खेपेस माळ्यावरून काय काय उतरले म्हणाल? एक बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ, दोन पितळी डबे, एक तांब्याचा बंब, मुलाची पाचवीपासून दहावीपर्यंतची पाठ्यपुस्तके, दोन गाद्यांचा गोळा झालेला कापूस, मिक्सरची तीन भांडी (मिक्सर मात्र एकही नाही) आणि कशाकशाच्या म्हणून सांगू, इतक्या रिकाम्या बाटल्या.

ढीग पाहून मुलगा म्हणाला, "बाबा, हे सगळं टाकून द्या."

पत्नी म्हणाली, "टाकायचं कशाला? कुणाला तरी देऊ या."

तसे पाहिले तर दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. घर मोकळे व्हावे. पण ती दोन क्रियापदे माझ्या डोक्यातून जाईनात. टाकायचे म्हटले की मनात पहिला प्रश्न येतो तो "कुठे?" असा. द्यायचे म्हटले की प्रश्न येतो तो "कुणाला?" असा. पहिल्याला जागा लागते, दुसऱ्याला माणूस लागतो. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते एवढ्या एका फरकाविषयी. फरक लहान आहे. परंतु शहराचे पुष्कळसे बरेवाईट त्यावर अवलंबून आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. का, ते सांगतो.

माझे लहानपण पुण्यात, पेठेतल्या एका वाड्यात गेले. अकरा बिऱ्हाडे आणि एक नळ. या अकरा बिऱ्हाडांचा मिळून जो कचरा निघे तो एका लहान टोपलीत मावत असे, हे आज सांगितले तर माझ्या मुलाला खरे वाटत नाही. पण त्यात नवल काही नव्हते. प्रत्येक जुन्या वस्तूला घ्यायला येणारे एक माणूस ठरलेले होते.

दुपारची जेवणे आटोपली की बोहारणीची हाक यायची. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत भांडी आणि पाठीवर जुन्या कपड्यांचे बोचके. मग वाड्यातल्या साऱ्या बायका ओट्यावर जमत. दोन पातळे आणि एक कोट पुढे ठेवला की बोहारीण तो कोट उजेडात धरी आणि म्हणे, "बाई, हा कोपरावर विरलाय. आणखी एक विजार टाका, मग पातेलं घ्या." हा सौदा तासभर चाले, आणि दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटून संपे. कल्हईवाला महिन्याकाठी येई. त्याचा भाता, त्याचे कथील आणि नवसागराचा तो पांढरा धूर पाहायला आम्ही मुले शाळा बुडवीत असू. पिंजारी आपल्या धनुकलीचा टणत्कार करीत यायचा आणि दगड झालेल्या गादीचा पुन्हा कापूस करून द्यायचा. रद्दीवाला होता, बाटलीवाला होता. आजीचे लुगडे विरले की त्याच्या घड्या एकावर एक बसवून गोधडी शिवली जाई. आणि धोतर जितके जुने तितके मऊ, म्हणून वाड्यात बाळ जन्मले की त्याची दुपटी जुन्या धोतरांचीच.

पुस्तकांचेही तसेच. निकाल लागला की वाड्यातली पुस्तके एक एक इयत्ता खाली उतरत. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर माझ्याआधीच्या तिघांची नावे होती, आणि नद्यांची नावे कोणत्या क्रमाने पाठ करावीत याच्या खुणा कुणीतरी अगोदरच करून ठेवलेल्या होत्या. जे पुस्तक वाड्यात मिळत नसे ते अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीला मिळे.

हे सगळे ऐकून 'जुने ते सोने' असा माझा सूर आहे, अशी आपली समजूत होईल. तसा तो नाही. त्या काळी वस्तू थोड्या होत्या आणि पैसा त्याहून थोडा होता. काटकसर ही आमची थोरवी नसून ती आमची गरज होती. शिवाय दारावर येणाऱ्या त्या माणसांशी आम्ही फार चांगले वागत होतो असेही नाही. बोहारणीला उंबरठ्याच्या आत घेत नसत. तिने पाणी मागितले तर ते तिच्या ओंजळीत वरून ओतले जाई. तिच्याशी आम्ही तासभर घासाघीस करू, पण तिचे नाव कधी कुणी विचारले नाही. हे आठवले की मान खाली जाते.

तरीसुद्धा त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाई. मधे कुठेही ती मातीला लागत नसे.

आणि ती पुढे कुठे जाई, याचा माग काढला तर मोठी मौज वाटते. बोहारणीने नेलेल्या कपड्यांची घरी निवड होते. धड असतील ते धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकायला जातात. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार पुणेकरांना मी सांगायला नकोच. त्याहून फाटके असतील त्यांच्या चिंध्या होतात, आणि यंत्रे पुसायला कारखान्यांना त्या लागतातच. लोकरीचे कपडे तर थेट पानिपतापर्यंत जातात. पानिपत म्हटले की आपल्याला १७६१ साल आठवते. पण आज त्या गावाचा मोठा व्यवसाय आहे तो जुन्या लोकरी कपड्यांचे धागे मोकळे करून त्यांच्या पुन्हा घोंगड्या आणि ब्लँकेटे विणण्याचा. देशोदेशींचे टाकलेले स्वेटर तिथे येऊन पडतात.

इथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. वस्तू आहे तशी पुन्हा वापरणे निराळे, आणि ती मोडून, वितळवून तिची नवी वस्तू करणे निराळे. दोन्ही चांगलेच, पण पहिले अधिक चांगले. काचेची बाटली धुऊन पुन्हा भरली तर खर्च होतो तो थोड्या गरम पाण्याचा. तीच फोडून वितळवायची तर भट्टीची उष्णता १५०० अंश सेल्सिअसच्या घरात न्यावी लागते. कागदाचा पुन्हा कागद होतो. पण दर खेपेस त्याचे तंतू आखूड होतात, आणि पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांत काही जीव उरत नाही. ॲल्युमिनियमची गोष्ट जरा वेगळी. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम काढायला जितकी ऊर्जा लागते, तिच्या साधारण विसाव्या हिश्शात जुने वितळवून कामाला येते. म्हणून भंगारवाला चेपलेले पातेलेसुद्धा प्रेमाने उचलतो. सांगायचे ते असे, की मोडण्यापूर्वी वापरावे, आणि फेकण्यापूर्वी मोडावे. हा क्रम आपल्या आज्यांना कुणी शिकवला नव्हता. त्यांना तो येत होता.

मग बिघडले कुठे?

बिघडले ते मिसळण्यात. शहरातल्या घरांचा कचरा तपासला तर त्यात निम्म्याच्या आसपास ओला माल असतो. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न. या ओल्याचे एकटे असताना उत्तम खत होते. उरलेल्या कोरड्यात कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक असते. त्यालाही एकटे असताना गिऱ्हाईक असते. पण आपण काय करतो? दोन्ही एका पिशवीत घालतो, पिशवीचे तोंड घट्ट बांधतो आणि बाहेर ठेवतो. वरणात भिजलेल्या कागदाला रद्दीवाला घेत नाही, आणि काचा असलेल्या सालींचे खत शेतकरी घेत नाही. दोन उपयोगी वस्तू एकत्र करून आपण एक निरुपयोगी वस्तू तयार करतो. तिला आपण कचरा म्हणतो. एरवी तो माल होता!

आणि हा कचरा जातो कुठे? "कुठे" म्हणून ज्या जागेचा आपण विचार करतो, ती जागा दुसऱ्या कुणाचे तरी गाव असते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊन पडला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, घरांत माशा आणि दुर्गंधी भरून राहिली. शेवटी गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, एकदा नव्हे, अनेकदा. गाड्या अडल्या की चार दिवसांत पुण्याच्या चौकाचौकांत ढीग साचत, आणि मग वर्तमानपत्रांतून आपल्याला कळे की आपण रोज काय करतो आहोत. मुंबईचे देवनार तर १९२७ पासून कचरा गिळत आले. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली आणि तो धूर दिवसचे दिवस शहरावर राहिला.

या मिसळलेल्या ढिगातून पुन्हा माल वेगळा करण्याचे काम कुणीतरी करतच होते. आपण ती माणसे पाहत होतो, पण पाहिल्यासारखी नाही. पाठीवर पोते, हातात लोखंडी आकडी, पहाटे कुत्री भुंकायला लागली की समजावे, त्या बाया आल्या. त्यांत बायाच पुष्कळ, आणि त्याही बहुतेक दलित समाजांतल्या. कित्येक जणी १९७२ च्या दुष्काळानंतर गाव सोडून शहरात आलेल्या घरांमधल्या. त्यांच्यावर चोरीचा आळ यायचा, पोलीस हटकायचे, सोसायट्यांचे पहारेकरी हुसकायचे. पोत्यातला माल भंगारवाल्याकडे नेला की तो सांगेल ते वजन आणि देईल तो दर.

१९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या या वस्त्यांतून शिकवायला जाऊ लागल्या. शिकवता शिकवता त्यांच्या ध्यानात आले, की या बायांना अक्षरांइतकीच निकड आहे ती उकिरड्यात हात न घालता माल मिळण्याची. घरातच कचरा वेगळा करून तो यांच्या हाती दिला तर? मग १९९३ च्या मे महिन्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरा वेचणाऱ्यांचा मेळावा भरला आणि त्यातून संघटना उभी राहिली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. या नावाकडे आपण जरा लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्यात कागद आहे, काच आहे, पत्रा आहे, आणि कष्टकरी आहे. 'कचरा' हा शब्द त्यात कुठेच नाही.

पंचायतीने सभासदांना ओळखपत्रे दिली, आणि १९९६ च्या सुमारास पुणे महापालिकेनेही त्यांना मान्यता दिली. आपल्याला वाटेल, एका पुठ्ठ्याच्या तुकड्याचे ते काय? पण ज्या बाईला रस्त्यात कुणीही चोर म्हणून अडवू शकत होते, तिच्या गळ्यात आता शहराने दिलेला पुरावा होता की ती काम करते आहे. पुढे पंचायतीने भंगाराची स्वतःची दुकाने काढली. तिथला काटा खरा. २००८ साली 'स्वच्छ' ही कचरा वेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर जाऊ लागली. तीन हजारांहून अधिक माणसे तिच्यात आली. घरटी थोडी रक्कम घ्यायची, ओला आणि सुका वेगवेगळा उचलायचा, ओला महापालिकेच्या गाडीला द्यायचा, आणि सुका निवडून विकायचा. देशाच्या २०१६ च्या नियमांतही घरातच वर्गवारी व्हावी आणि कचरा वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे सांगितले गेले. उकिरड्यापासून दारापर्यंतचे ते पन्नास पावलांचे अंतर; पण ते चालून यायला या बायांना पंधरा वर्षे लागली.

हे सारे मी वाचून जाणत होतो. जाणणे आणि समजणे यांतले अंतर मात्र मला त्या माळ्यावरच्या घड्याळाने दाखवले.

झाले असे. शिडीवरून घड्याळ देताना माझा हात निसटला आणि ते फरशीवर पडले. काच फुटली. मुलाने ती झाडून गोळा केली आणि जवळच पडलेल्या पिशवीत टाकली. त्या पिशवीत सकाळच्या भाजीची देठे होती. मी पाहिले, आणि काही बोललो नाही. खोटे कशाला सांगू, मला त्यात काही विशेष वाटलेच नाही.

आमच्याकडे कचरा न्यायला एक मावशी येतात. गेली कित्येक वर्षे येतात. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास खालून गलका ऐकू आला म्हणून मी उतरलो. मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. तळहातातून रक्त वाहत होते आणि पहारेकरी त्यावर फडके बांधीत होता. शेजारी उघडी पिशवी. आणि पिशवीत मी ओळखली ती माझ्या वडिलांच्या घड्याळाची काच.

डॉक्टरांनी चार टाके घातले. परत येताना रिक्षात मी कसाबसा म्हणालो, "मावशी, ती काच आमच्या घरची होती."

त्या जरा वेळ बाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, काच मी रोजच नेते. काचेला मी काय भिते होय? नुसतं म्हणायचं, 'मावशी, यात काच हाय.' कागदात गुंडाळून हातात द्यायची. मी जपून नेली असती."

आठ दिवस त्यांच्या जागी त्यांची मुलगी आली. बारावीची परीक्षा द्यायची होती तिला.

आता योगायोग पाहा. त्याच पंधरवड्यात आमच्या सोसायटीची सभा होती आणि सभेपुढे एका ठेकेदाराचे पत्र होते. मोठी बंद गाडी येईल, सगळा कचरा एकत्रच घेईल, वेगळा करण्याची कटकट नाही, आणि घरटी दहा रुपये कमी. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी वर्षाची बचत किती होते तेही काढून आणले होते. माना डोलू लागल्या. मला सभांतून बोलायची सवय नाही. पण त्या दिवशी उठलो आणि काचेची हकीकत जशी घडली तशी सांगितली. आपल्या हातून काय झाले तेही सांगितले. मग विचारले, "गाडी आली तर आपल्याला काय बरे पडेल? पिशवीत काय घातले हे कुणाला सांगावे लागणार नाही, हेच ना? पण ती पिशवी पुढे कुणीतरी उघडणारच आहे. आज ते माणूस आपल्याला दिसते. उद्या दिसणार नाही. एवढ्यासाठी आपण दहा रुपये वाचवणार का?"

माझ्या भाषणाने सभा हेलावली वगैरे काही झाले नाही. बरीच बाचाबाची झाली. "सर, भावनेवर सोसायटी चालत नाही," असेही एकांनी ऐकवले. शेवटी, एक वर्ष मावशींचेच काम चालू ठेवावे आणि सगळ्यांनी कचरा वेगळा द्यावा, असे दोन मतांनी ठरले. दोन मतांनी का होईना, ठरले. आणि जिन्याखाली सायकलींची जी एक अंधारी खोली पडून होती ती जुन्या वस्तूंसाठी मोकळी करावी, असेही त्याच सभेत ठरून गेले.

त्या खोलीविषयी थोडे सांगतो, कारण अशी खोली, कपाट किंवा नुसती फळीदेखील कुठल्याही वाड्यात, चाळीत, सोसायटीत होऊ शकते. नियम तीनच. वस्तू धुऊन पुसून ठेवायची. तिच्यावर चिठ्ठी लावायची, 'चालू' किंवा 'बंद'. बंद असेल तर काय बिघडले ते लिहायचे. आणि पंधरा दिवसांत कुणी नेली नाही तर ती मावशींची. त्यांना विकायची असेल तर त्या विकतील, घरी ठेवायची असेल तर घरी ठेवतील.

पहिला महिना खोलीत वस्तू साचत गेल्या आणि न्यायला कुणी येईना. लोक येऊन पाहून जात. दुसऱ्याची जुनी वस्तू उचलताना कुणी बघितले तर काय म्हणेल, ही मोठी अडचण होती. बोहारणीला कपडे देताना जी लाज आमच्या आयांना वाटली नाही, ती आम्हाला शेजाऱ्याचा कुकर घेताना वाटत होती. ही कोंडी फोडली ती दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांनी आमची ती मिक्सरची तीन भांडी पाहिली आणि भर दुपारी जिन्यात मोठ्याने म्हणाल्या, "अगंबाई, माझ्याकडं नुसता मिक्सर पडलाय!" योगायोगाने बनावट एकच निघाली. त्या दिवसापासून लोक उजळ माथ्याने खोलीत जाऊ लागले. जून महिन्यात पाठ्यपुस्तके आली आणि चार दिवसांत गेली. आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देऊ लागल्या. शिलाईचे पैसे चोख मोजून घेतात. मला ते आवडले. वस्तू फुकट मिळाली तरी हात फुकट मिळू नयेत.

या वर्षाने मला काही साध्या गोष्टी शिकवल्या. पहिली अशी, की देणे म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे नव्हे. कुठे पूर आला, भूकंप झाला की आपण फाटक्या कपड्यांची गाठोडी पाठवतो आणि दान केले असे मानतो. जी वस्तू आपल्या सख्ख्या बहिणीच्या हातात द्यायला संकोच वाटेल, ती देऊ नये. ती सरळ भंगारात घालावी. दुसरी, काच, पाती, सुया कागदात गुंडाळून वेगळ्या द्याव्यात आणि तोंडाने सांगावे. स्वच्छतेच्या पॅडसारख्या वस्तू कागदात बांधून त्यावर लाल ठिपका काढावा. मावशींना ती खूण कळते. तिसरी, दुधाची पिशवी विसळून वाळवली तर तिला मोल आहे, न विसळली तर वास आहे. विसळायला पाच सेकंद लागतात. मी मोजले आहेत. चौथी, विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, त्यांतल्या बॅटऱ्या, या निराळ्या ठेवाव्यात. तांब्याच्या लोभाने तारा जाळल्या तर जो धूर निघतो तो जाळणाऱ्याच्या छातीत आधी जातो.

मात्र सगळा भार घरावर आणि मावशींवर टाकून चालणार नाही, हेही मला सांगितले पाहिजे. काही वस्तू अशा आहेत की ज्यांना जगात कुणीच गिऱ्हाईक नाही. चिवड्या-वेफर्सच्या त्या चकचकीत पुड्या पाहा. प्लास्टिकवर धातूचा मुलामा, त्यावर पुन्हा प्लास्टिक. हे थर सुटे करायचे म्हणजे पुडीच्या किमतीहून खर्च जास्त. मावशी त्या उचलतात, निवडतात, आणि त्यांना त्यातून काही सुटत नाही. इथे प्रश्न ज्याने पुडी केली त्याला विचारला पाहिजे. ज्या वस्तूचा खिळा काढता येत नाही, जिचा सुटा भाग मिळत नाही, ती विकत घेतानाच दहादा विचार करावा. दुकानदाराला आपण "टिकेल ना?" असे विचारतो. "दुरुस्त होईल ना?" असेही विचारायला हरकत नाही.

शाळांतून 'टाकाऊतून टिकाऊ' अशी प्रदर्शने भरतात. माझ्या नोकरीत मी अशी पुष्कळ पाहिली. बाटलीची फुलदाणी होते, डब्याचे पेनस्टँड होते, बक्षीस मिळते, आणि आठवड्याने ती फुलदाणी कचऱ्यात जाते. मुलांच्या कौतुकाला माझी हरकत नाही. पण खरे टिकाऊपण त्या बाटलीत रंगीत कागद चिकटवण्यात नाही. ती बाटली कुणाला हवी आहे हे आपल्याला ठाऊक असण्यात आहे. ते ठाऊक व्हायला शेजाऱ्यांशी बोलावे लागते, मावशींशी बोलावे लागते. कुठल्याही शहरात माणसे एकमेकांना जितकी कमी ओळखतील, तितका तिथला कचरा वाढेल, असे मला वाटते. याला माझ्याकडे आकडेवारी नाही. आमच्या जिन्यापुरता अनुभव आहे.

ते घड्याळ? ते मी टाकले नाही. लाकडी चौकट धड होती. जुन्या बाजाराजवळ एक घड्याळजी बसतात, त्यांच्याकडे नेले. त्यांनी ते उलगडले, दुसऱ्या कुठल्याशा मेलेल्या घड्याळाची कमान त्यात बसवली आणि नवी काच लावून दिली. आता ते जिन्याखालच्या खोलीत टांगले आहे. रोज पाच मिनिटे मागे पडते. सकाळी मावशी आल्या की आधी काटा पुढे सरकवतात, आणि मग कामाला लागतात.